गळवाले मामा

ज्या जिल्ह्यातल्या उन्हाळ्याच्या बातम्या टँकरच्या आकड्यांनी सुरू होतात, तिथे गळ टाकून मासे धरायचा नाद लागायला माणूस मुळातच आशावादी असावा लागतो. आमचे जालन्याचे मामा तसे आहेत. तुमच्याही नात्यात असा एखादा असेल. ओळखायला सोपा असतो. गाडी नदीवरच्या पुलावर आली की बाकीची मंडळी हात जोडतात, एखादी आजी नाणं टाकते. हा माणूस खिडकीतून मान बाहेर काढून पाण्याचा रंग बघतो. शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडताना मामा कधी गप्प बसल्याचं मला आठवत नाही. "खालच्या अंगाला डोह आहे बग," असं ते शेजारच्याला सांगतातच. शेजारचा ओळखीचा असो, नसो. गाडी लग्नाच्या वऱ्हाडाची असो की कुणाला पोचवून परत येणारी, डोह दाखवल्याशिवाय मामांचा पूल संपत नाही.

त्यांचं मुख्य ठाणं घाणेवाडीचा तलाव. निजामाच्या काळात जालना शहराला पाणी पुरवायला बांधलेला. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि तलावाने तळ दाखवला. त्या वर्षांत गावाने वर्गणी काढून तलावातला गाळ उपसला. मामाही रोज जायचे. लोक गाळाच्या ट्रॉल्या मोजायचे, मामा उघड्या पडलेल्या तळाचा अभ्यास करायचे. कुठे खड्डा, कुठे खडक, कुठे बाभळीचं जुनं खोड. पुढे पाणी आल्यावर मासा कुठे बसेल याचा नकाशा त्यांनी शाळेच्या वहीत काढून ठेवला. अख्खं शहर नळाला पाणी कधी येईल या चिंतेत होतं आणि मामांच्या डोक्यात कटला पोहत होता. तरी एक सांगतो, पाऊस येणारच असं त्या वर्षी इतक्या खात्रीने बोलणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

मामांचं सामान एका जुन्या आर्मीच्या पिशवीत असतं. तीन-चार मापांचे गळ, तंगूसची रिळं, शिशाच्या गोळ्या, तरंगायला मोराच्या पिसाचे देठ. शिवाय चुन्याची डबी, तंबाखू आणि कालचा पेपर. पेपर बसायला. आमिषाचं गुपित मात्र पिशवीत सापडत नाही, ते मामींच्या स्वयंपाकघरातून चोरीला जातं. मळलेली कणीक, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग, आणि अजून एक काहीतरी, जे मामा मरेपर्यंत सांगणार नाहीत. माझा संशय बडीशेपेवर आहे. मामी पोळ्या लाटायला बसतात तेव्हा कणकेचा एक गोळा कमी असतो. मामी माळकरी. घरात कांदा-लसणालासुद्धा एकादशीला सुट्टी. अशा घरात एकदा फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा निघाला आणि तो उघडल्यावर आत ओल्या मातीत गांडुळं निघाली. त्यानंतर मामी मामांशी आठवडाभर फक्त माझ्यामार्फत बोलत होत्या. "तुझ्या मामाला सांग, चहा झालाय." मामा समोरच बसलेले असायचे.

मग धरलेल्या माशांचं काय होतं? घरात येत नाहीत. मामा स्वतःही खात नाहीत, हे ऐकून लोक थक्क होतात. मासा शेजाऱ्याला, मासा चहावाल्याला, मासा तलावाच्या राखणदाराला. राखणदाराचा हप्ता ठरलेला आहे, कारण बहुतेक तलावांतला मासा मच्छीमार संस्थेच्या ठेक्याचा असतो. संस्था मत्स्यबीज सोडते, संस्थाच जाळं टाकते. मामांचा गळ म्हणजे तिथली बिनभाड्याची खोली. राखणदार पाच मिनिटं भांडतो, मग उकिडवा बसतो आणि तंबाखू मागतो. त्याला मामा शिकवत असतात: कटला वरच्या पाण्यात चरतो, राहू मधल्या, मृगळ तळाशी. ज्याला जो पाहिजे त्याने तेवढा दोरा सोडावा. राखणदाराचं आयुष्य पाण्यावर गेलंय. त्याला हे सगळं ठाऊक आहे. तो फक्त मळून दिलेल्या तंबाखूसाठी ऐकून घेतो.

मामांचा खरा राग चिलापीवर. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ साली भारतात आणला गेला, आणि मामांच्या मते तेव्हापासून त्यांच्या गळाचं आमिष कुरतडतोय. बारका, हावरट, पोरंबाळं अमाप. पीस बुडालं म्हणून मामा सावरून बसतात, ओढतात, तर हाताएवढी चिलापी. ती सोडवताना मामा जे बोलतात ते इथे छापता येणार नाही.

"लागलं का काही?" हा प्रश्न मात्र मामांना कधीही विचारू नये. सायकलवरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून तो विचारतोच. मामा पाण्यावरची नजर न काढता म्हणतात, "लागायलाय." हा त्यांचा कायमचा वर्तमानकाळ. काही लागलेलं नसतं, पण लागण्याची क्रिया चालू असते. संध्याकाळी हात हलवत परत आले की कारणांची यादी तयार: वारं पुरवाईचं होतं, काल पाणी सोडलं, परवा अमावस्या झाली, समोर बायका धुणं आपटत होत्या. आणि सगळ्यात शेवटी, जेवताना, भाताच्या दुसऱ्या वाढीला, "एक आला होता," असं म्हणून दोन्ही हात पसरणं. हे हात दरवर्षी थोडे लांब होत जातात. अलीकडे मामी वरणाचं पातेलं आधीच बाजूला सरकवून ठेवतात.

तर असे हे मामा अमेरिकेला गेले. मुलगा मिनियापोलिसला असतो. त्याने मुद्दाम जानेवारीत बोलावलं. मामींनी थंडीचं ऐकून सरळ नकार दिला आणि लोणचं पाठवलं. मिनेसोटा हे राज्य स्वतःला दहा हजार तलावांचं म्हणवतं आणि खरे तलाव त्याहूनही जास्त आहेत. जालन्याच्या माणसाला हे सांगणंच क्रूरपणा आहे. त्यात मुलाने त्यांना नेलं ब्रेनर्ड गावाजवळच्या गल लेकवर. तिथली जेसीज संस्था १९९१ पासून गोठलेल्या तलावावर मासेमारीची स्पर्धा भरवते. दहा-दहा हजार माणसं बर्फावर येतात. संयोजक आधीच हजारो भोकं पाडून ठेवतात. आपण आपलं भोक निवडायचं, शेजारी बादली पालथी घालून बसायचं आणि भोकात दोरा सोडायचा. मोठ्या माशाला पिकअप ट्रकपर्यंत बक्षिसं, आणि जमलेला पैसा धर्मादाय कामाला. त्यातला मोठा वाटा अपंगांसाठी शिबिरं घेणाऱ्या एका केंद्राला जातो.

मामांना पहिला धक्का परवान्याचा बसला. तिकडे गळ टाकायला सरकारी लायसन्स लागतं. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली, तिच्यासाठी एक सरकार आपल्या नावाचा कागद देतं, यावर त्यांचा विश्वास बसेना. तो कागद त्यांनी लॅमिनेट करून आणलाय. जालन्याच्या घरात तो आता टीव्हीच्या वर, पांडुरंगाच्या थोडा खाली आहे. मामींनी त्याला एकदाच पाहून "मग आता नोकरी लागली का?" एवढंच विचारलं.

दुसरा धक्का बर्फाचा. मुलाने गाडी सरळ तलावावर घातली तेव्हा मामांनी दार उघडून एक पाय बाहेर ठेवला, वेळ आली तर उडी मारायला. मुलाने समजावलं, माणसाला चालायला चार इंच चांगला बर्फ पुरतो, गाडीला फूटभर लागतो, इथे त्याहून जाड आहे. मामांनी पाय आत घेतला, पण दाराची कडी सोडली नाही. मग त्यांना प्रश्न पडला तो अस्सल गळवाल्याचा. वर एवढं गोठलंय तर खाली मासा मरत कसा नाही? याचं उत्तर शाळेत आपण सगळे शिकलो आणि विसरलो. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, ते तळाला बसतं. त्याहून थंड झालेलं पाणी हलकं होऊन वर येतं आणि गोठतं. बर्फाचं झाकण वर, खाली चार अंशांचं पाणी, त्यात मासा मंद होऊन जगतो. मामा म्हणाले, "म्हंजे आमिष पार तोंडासमोर न्यावं लागतंय. आळशी झाला असणार." अनुभवी लोकही हेच सांगतात, फक्त त्यांना हे शिकायला दोन-तीन हिवाळे लागतात.

अंगावर मुलाचे दोन जॅकेट, डोक्यावर जालन्याहून नेलेली माकडटोपी, हातात दीड हाताची बुटकी काठी. तिला ते "लेकराची काठी" म्हणत होते. आमिषाला मेणकिडे आणि जिवंत बारके मासे. हिंगाची कणीक मामांनी खिशात नेली होतीच, ती दगड झाली. ठीक बारा वाजता भोंगा वाजला आणि हजारो दोरे एकदम पाण्यात गेले. स्पर्धा बारा ते तीन. हे मामांना अजिबात पटलं नाही. "तीन तासांत काय व्हतंय? तीन तास तर जागा समजायला लागतात." घड्याळ लावून गळ टाकणं त्यांच्या लेखी घड्याळ लावून झोपण्याइतकंच चूक.

पण बसल्यावर ते रमले. त्यांनी नंतर मला फोनवर सांगितलं, "अरे, हजारो माणसं, आन् कुणी कुणाला इचारत नाही लागलं का म्हणून." आयुष्यात पहिल्यांदा ते अशा गर्दीत होते जिथे रिकामं बसणारा माणूस वेगळा दिसत नव्हता. पलीकडच्या भोकावर एक लालबुंद नाकाचे म्हातारबाबा बसले होते. मामांना इंग्रजी यथातथा, बाबांना मराठी शून्य. तास-दीड तास दोघे गप्प. मग बाबांनी थर्मासमधली कॉफी पुढे केली, मामांनी पुडीतली शेव. त्यानंतर बाबांनी आपल्या भोकाकडे बोट दाखवलं, सुस्कारा टाकला आणि दोन्ही हात पसरले. एवढा होता. सुटला. मुलगा म्हणतो, मामांनी क्षणभर त्या हातांचं अंतर डोळ्यांनी मोजलं, काठी खाली ठेवली आणि आपले हात त्याहून वीतभर जास्त पसरले. बाबांनी आदराने मान हलवली.

स्पर्धेत मामांना काही लागलं नाही. तिथे बहुतेकांना काही लागत नाही. दहा हजारांत बक्षीस मिळतं ते शे-दीडशेंना. तीनच्या भोंग्याला मामांनी कारणं सांगायला सुरुवात केली: बर्फावरून लोक धपधप चालतात, शेजारचा बाप्या सारखा शिंकत होता, आणि मुळात भोक दुसऱ्याने पाडलेलं.

परत आल्यावर मामा घाणेवाडीच्या काठावर हे सगळं सांगतात. तलावावर गाड्या उभ्या होत्या, पाण्याला भोकं पाडली होती, सरकारने लायसन्स दिलं होतं. राखणदार, चहावाला, सायकलवाले, सगळे ऐकतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. तीस वर्षांत मामांच्या चाळीस किलोंच्या सुटलेल्या कटल्यावर या लोकांनी कधी शंका घेतली नाही. फोटो दाखवला तर राखणदार म्हणाला, "हे तर मिठागर हाय." मामांना हे फार लागलंय. हल्ली ते मला सोबत नेतात, साक्षीदार म्हणून.

म्हणून इथेही लिहून देतो. बर्फाचं, गाड्यांचं आणि लायसन्सचं शंभर टक्के खरं आहे. कटल्याचं तुमचं तुम्ही ठरवा.