येतो म्हणायला काय जातं?

अण्णांना फोन करणं सोपं, ठेवणं अवघड. आपण नुसता कापला, तर अर्ध्या मिनिटात त्यांचा उलट फोन येतो. "तुटला की ठेवलास?"

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत ते पोस्टग्रेसचे डेटाबेस सांभाळतात. सकाळी चहाबरोबर सर्व्हरचा लॉग वाचतात, लोक पेपरातलं निधनवार्तांचं पान वाचतात तसा. 'अनएक्स्पेक्टेड ईओएफ ऑन क्लायंट कनेक्शन' ही ओळ दिसली की कप परत बशीत. "बघ, गेला! न सांगता!"

रीतसर जाणारा क्लायंट आधी 'एक्स' अक्षराचा इवलासा संदेश पाठवून पोस्टग्रेसचा निरोप घेतो, मग जोडणीवरच्या गुप्ततेच्या थराला, टीएलएसला, 'क्लोज नोटिफाय' सांगतो आणि मगच दार लोटतो. "पैसे पडतात का रे?" अण्णा विचारतात. आता त्यांच्या कटकटीत तथ्य आहेच. तो दुसरा निरोप आला नाही, तर समोरच्याचं बोलून झालं की मधे कुणी वाट तोडली, हे टीएलएसला कळायला मार्ग नाही.

2021 मध्ये टीएलएस सांभाळणारं ओपनएसएसएल 3.0 आलं आणि असं न सांगता जाण्याला सरळ चूक म्हणू लागलं. आमच्याकडे ते बसवल्यावर लॉग भरभरून वाहिला. सगळे वैतागले, अण्णा खुलले. टीममधली एक मुलगी म्हणाली, "अण्णा, याकडे दुर्लक्ष करायची सोय आहे. आणि पोस्टग्रेसच्या निरोपांत लांबी लिहिलेली असते, अर्धवट तुटलं तर कळतंच."

"कळतं गं. म्हणून सांगायचं नाही?"

पण गेलेल्या माणसावर त्यांची मायाही भारी. लिनक्स गप्प बसलेल्या जोडणीची आपणहून दोन तास वाट बघतं, मग दर 75 सेकंदांनी, असं नऊ वेळा दार वाजवून पाहतं. पोरं म्हणतात, हे मिनिटावर आणा. अण्णा आणू देत नाहीत. "रेंज गेली असेल बिचाऱ्याची."

परवा सकाळी दहाला बिलांचा रिपोर्ट अडकला. कुणीतरी व्यवहार अर्धा टाकून, टेबलावरचं लॉक तसंच ठेवून नाहीसं झालं होतं. पाहुणा कपाटाची किल्ली खिशात घालून गेल्यासारखं. त्या मुलीने जोडण्यांची यादी काढली. नाव अण्णांचंच. नऊला घरी काम करताना लाइट गेली, राउटर बंद पडला, हे तसेच स्कूटर काढून ऑफिसात आले होते.

अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. "हं. एमएसईबी."

"पीजी टर्मिनेट बॅकएंड मारू?" तिने विचारलं.

"थांब, मी मारतो." त्यांनी कमांड स्वतः टाइप केली, एंटर दाबलं आणि स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाले, "बरं, या मग."