मिलिओहमचे मानकरी

पुण्यात दर दोन-तीन सोसायट्यांमागे एक नादशुद्ध गृहस्थ असतोच. सोयीसाठी आपण त्याला नाना म्हणू. ओळखायची खूण सोपी आहे: त्याच्या घरी गाणं ऐकायला जावं, तर गाणं सोडून बाकी सगळं ऐकायला मिळतं. किशोरीताईंचा भूप लागतो, तंबोरे घुमू लागतात, ताई षड्ज लावतात आणि नेमक्या त्याच क्षणी नाना तबकडीवरची सुई उचलतात. "डावीकडचा तंबोरा जरा मागे बसलाय ना? थांबा, वायर उलटी लावून बघतो." षड्जाच्या पुढे भूपाचं काय झालं, हे नानांच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. मात्र कुठल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तिसऱ्या रांगेतून कोण खोकलं आणि तो खोकला कोरडा होता की कफाचा, हे नाना छातीठोकपणे सांगतील.

सध्या नानांनी डूख धरला आहे तो स्विचबॉक्सवर. झालं असं, की हॉलमध्ये स्पीकरची एक जोडी होती, स्वयंपाकघरासाठी काकूंना दुसरी हवी होती आणि ॲम्प्लिफायर एकच. तेव्हा तपकीर गल्लीतून एक पत्र्याचा डबा आला. पुढे बटणं, मागे वायर अडकवायचे स्प्रिंगचे चिमटे. त्याची किंमत नानांनी काकूंना खरी सांगितली, यावरूनच तो किती स्वस्त असेल ते समजावं. डबा जोडला, नाना खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "गेला. आवाज गेला. साय धरली त्याच्यावर."

नानांचा भाचा इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. भाचा असल्यामुळे त्याला मामाचं ऐकावं लागतं आणि शिक्षक असल्यामुळे उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. तो कागद घेऊन बसला. "मामा, तुमच्या ॲम्पचा आतला अडथळा 0.04 ओहम. स्पीकर 8 ओहमचा. आठ भागिले 0.04, म्हणजे स्पीकरचा ब्रेक मोजणारा तुमचा लाडका डॅम्पिंग फॅक्टर 200. आता डब्याच्या खटक्यांचे आणि वायरचे मिळून 60 मिलिओहम धरा. फॅक्टर आला 80 वर."

"बघ! दोनशेचे ऐंशी!" नाना जवळजवळ आनंदाने ओरडले.

"पण स्पीकरच्या पोटात जी तांब्याची कॉइल आहे, तिचाच अडथळा सहा ओहमच्या आसपास असतो. स्पीकरला ब्रेक लागतो तो या सगळ्या बेरजेतून. आधी बेरीज 6.04 होती, आता 6.10 झाली. एका टक्क्याचा फरक. आवाजाची पातळी एक दशांश डेसिबलनेही उतरलेली नाही."

नानांनी यावर फक्त "कानाला कागद वाचता येत नाही" एवढंच सुनावलं आणि चांदीचा मुलामा दिलेली वायर मागवली. तिची किंमत काकूंना अजून कळलेली नाही.

गंमत अशी, की डब्याचे खरे गुन्हे वेगळेच होते. स्पीकरच्या दोन जोड्या एकदम चालवल्या, की आठ ओहमचे चार होतात, जास्त जोडल्या तर आणखी कमी, आणि ॲम्प तापून बंद पडायची भीती असते. म्हणून अशा डब्यांत पुष्कळदा 'प्रोटेक्शन'चं एक बटण देतात. ते दाबलं, की वाटेत काही ओहमचा रेझिस्टर येऊन बसतो. नानांच्या डब्यात तो पाच ओहमचा होता आणि 'प्रोटेक्शन वाईट कसं असेल?' म्हणून नानांनी ते बटण पहिल्या दिवसापासून दाबूनच ठेवलं होतं. म्हणजे दोनशेचा फॅक्टर थेट दोनच्या खाली, आणि ॲम्पच्या शक्तीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग रेझिस्टर गरम करण्यात खर्च. त्या रेझिस्टरच्या अलीकडे चांदीची वायर, पलीकडेही चांदीची वायर. भाच्याने बटण सोडवलं, आवाज खरोखरच सुधारला आणि नाना म्हणाले, "वायर मुरायला चार दिवस लागतातच."

दुसरा आरोपी म्हणजे लेव्हल मीटर. नानांच्या ॲम्पवर निळ्या उजेडात डोलणारे दोन काटे होते. शोरूममध्ये नाना भाळले ते त्यांच्यावरच. पण घरी आल्यावर त्यांना कुठूनसं कळलं, की मीटर आवाज पितो. भाच्याने पुन्हा कागद काढला. या घराण्याचा मूळपुरुष व्हीयू मीटर. बेल लॅबोरेटरीज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून तो 1939 च्या सुमारास अमेरिकेत रेडिओवाल्यांसाठी केला. त्याचा काटा मुद्दामच संथ, पातळी गाठायला 0.3 सेकंद घेणारा. तबल्याची थाप विरून गेली तरी हा अजून वाटेतच. त्याचा अडथळा 7,500 ओहम, स्पीकरचा 8. म्हणजे स्पीकरला हजार घोट, तर मीटरला जेमतेम एक. मीटरमधला रेक्टिफायर वीज ओढतो ती ओबडधोबड, त्यामुळे स्टुडिओतल्या 600 ओहमच्या लाइनवर तो थोडी खोट आणायचा, हे खरं. पण दणकट ॲम्पच्या तोंडावर त्याची काय मिजास?

नाना पाघळले नाहीत, कारण खरं दुखणं विजेचं नव्हतंच. ॲम्प होता शंभर वॅटचा. खालच्या मजल्यावरच्यांच्या धाकाने नाना ऐकत बेताने, आणि दिवाणखान्याला एक वॅट पुष्कळ होतो. एका पाहुण्याने चहा पिता पिता विचारलं, "शंभर वॅटचा ना हो? मग काटा एकाच्या पुढे का जात नाही?" त्याच आठवड्यात मीटरच्या वायरी तोडल्या गेल्या. आता निळा दिवा जळतो, काटे शून्यावर आडवे पडलेले असतात आणि नाना आल्यागेल्याला सांगतात, "आवाज कसा मोकळा झालाय बघा!"

शेवटी भाच्याने मामांना परीक्षेला बसवलं. त्याने स्वतः रिलेची एक तुलनापेटी बनवली. एका बाजूला नानांचा नवा ॲम्प, दुसऱ्या बाजूला माळ्यावर टाकलेला जुना. मल्टिमीटर लावून दोघांची पातळी 0.1 डेसिबलपर्यंत जुळवली, कारण अर्धा डेसिबल जास्त असला की माणसाला तो मोठा वाटत नाही, 'सरस' वाटतो. दोन्ही ॲम्प काकूंच्या जुन्या पातळाने झाकले. "1987 मध्ये अमेरिकेतल्या स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने अशीच परीक्षा घेतली होती. स्वस्त ॲम्प कुठला आणि महाग कुठला, श्रोत्यांना सांगता आलं नाही," भाचा म्हणाला.

"अमेरिकनांच्या कानाचं मला सांगू नकोस," नाना म्हणाले आणि बसले.

सोळा वेळा ऐकायचं, निदान बारा वेळा अचूक ओळखायचं. बारापेक्षा कमी आलं तर ते नाणं उडवूनही जमण्यासारखं. नानांनी डोळे मिटून, मान तिरपी करून, प्रत्येक वेळी "हा आपला!" असा निकाल दिला. बेरीज झाली. सोळापैकी आठ.

"आठ म्हणजे पास का रे?" काकूंनी आतून विचारलं.

नाना क्षणभरच गप्प होते. मग त्यांचा चेहरा उजळला. "मी पहिल्यापासून काय सांगतोय? मधे डबा आला की आवाज जातो! तुझ्या या पेटीने माझ्या ॲम्पला ओढून त्या माळ्यावरच्याच्या पंक्तीला बसवलं. डबा काढ, मग बघ कसा एका सुरात ओळखतो." आणि भाचा वायरी सोडवायला वाकला तेव्हा ते पुढे म्हणाले, "हो, आणि ते पातळही काढ. त्यानेसुद्धा आवाज दबतो."