झेडवाले नाना

‘उठा जरा,’ असं म्हणेपर्यंत जो माणूस आपल्या खुर्चीत बसलेलासुद्धा असतो, तो नाना. हुद्दा वरिष्ठ लिपिक, शाखा आस्थापना. सेवापुस्तकं, रजा, वेतनवाढी हे त्यांचं खरं काम. पण सर्व्हरवरचं आपलं फोल्डर आपल्या पीसीला जोडून घ्यायचं असलं, की आयटीवाल्यांना मेल टाकून तिकीट नंबर जपत बसण्यापेक्षा लोक नानांच्या टेबलाकडे वळतात. असे नाना प्रत्येक ऑफिसात असतात. नसले तर समजावं, ते काम लवकरच आपल्यावर येणार आहे.

नानांचा पहिला नियम, आधी रिस्टार्ट. ‘आत्ताच केला हो नाना.’ ‘माझ्यासमोर करा.’ पीसी सुरू होईस्तोवर ते आपल्या टेबलाची तपासणी करतात. काचेखालची ज्येष्ठतायादी दोन वर्षांपूर्वीची आहे, स्टेपलर मुळात आस्थापनेचा आहे, हे सगळं तेवढ्यात निघतं.

मग पाथ. तो त्यांना तोंडपाठ आहे, पण टाइप आपणच करायचा, म्हणजे पुढच्या वेळी येईल अशी त्यांची भाबडी आशा. ‘दोन उलट्या रेघा. उलट्या! ही सुलटी झाली. एंटरच्या वर बघा. आता सर्व्हरचं नाव. मध्ये जागा का सोडली?’ तालुक्याच्या ऑफिसातून फोन आला की हीच संथा मोठ्या आवाजात चालते आणि आख्खी शाखा मनातल्या मनात रेघा ओढते.

पासवर्डच्या वेळी मात्र नाना खुर्चीवरून उठतात, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे तोंड करतात आणि म्हणतात, ‘टाका.’ आवकजावकच्या बाई एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत टाकतात. आधी नातवाचं नाव, मग ‘ॲट’, मग एक-दोन-तीन. ‘बाई, मी तोंड फिरवलं ते कशासाठी?’ तोवर पासवर्ड लेखा शाखेपर्यंत पोचलेला असतो.

अक्षराच्या बाबतीत नाना कर्मठ. ड्राइव्ह जोडताना विंडोज आपण होऊन झेड सुचवतं, तो गेलेला असला तर वाय, तिथून मागे मागे. ही रीत नानांना मनापासून पटलेली आहे. एका हौशी सहकाऱ्याला झेड अपशकुनी वाटला, म्हणून त्याने एफ घेतला. पुढे ऑडिटवाल्यांनी त्याच्या पीसीला पेनड्राइव्ह लावला तर तो दिसेच ना. काढला, फुंकर मारली, पुन्हा लावला. पीसीने पेनड्राइव्हलाही एफच दिला होता आणि तिथे सर्व्हरवाला आधीच ठाण मांडून! नानांनी डिस्क मॅनेजमेंट उघडून पेनड्राइव्हला दुसरं अक्षर दिलं आणि वर इतकंच म्हणाले, ‘घेतला असता झेड, तर काय बिघडलं असतं?’

पासवर्ड बदलण्याची मुदत संपली की पुढचा सोमवार नानांचा. प्रत्येकाच्या झेडवर लाल फुली. ‘नाना, शुक्रवारी चालू होतं!’ ‘शुक्रवारी पासवर्ड जुना होता.’ झालेलं असं असतं, की पीसीने जुना पासवर्ड जपून ठेवलेला असतो आणि तोच पुन्हा पुन्हा सर्व्हरपुढे धरलेला असतो. शेवटी सर्व्हर वैतागून खातंच लॉक करतो. नाना कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन तो जुना काढतात. त्या दिवशी त्यांचा चहा चार टेबलांवर होतो आणि वेतनवाढीची फाइल होती तिथेच राहते. पगारवाढ लांबलेल्यानेच नानांना बोलावलेलं असतं, त्यामुळे तक्रार करणार कुणाकडे?

त्यांचा कणखरपणा एकदाच दिसला. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तो फाइली वाटून घेण्याच्या एसएमबी या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. पद्धत 1980 च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली, आणि आमचा सर्व्हर तेवढा नसला तरी त्याच वृत्तीचा. नंतर आलेल्या विंडोज 10 च्या पीसींवर ती पहिली आवृत्ती बंद होती, त्यामुळे ते त्याच्याशी बोलेनात. ‘ती जुनी आवृत्ती चालू करून टाका की,’ साहेब म्हणाले. एरवी साहेबांपुढे अर्धवट उभे राहणारे नाना सरळ ‘नाही’ म्हणाले. ‘लेखी द्या.’ साहेबांनी लेखी दिलं नाही. नवा सर्व्हर येईपर्यंत आम्ही सगळ्यांनी नानांच्या नावाने बोटं मोडली.

जोडून झालं की सगळ्यांचं खाजगी नानांच्या डोळ्यांपुढे उघडतं. कोणाच्या झेडमध्ये मुलीची पत्रिका, कोणाच्यात ‘कर्ज’ नावाचं फोल्डर, कोणाच्यात राजीनाम्याचा मसुदा, तोही चौथी आवृत्ती. नाना फक्त प्रॉपर्टीज उघडून आकडा बघतात. ‘जागा भरली आहे. काय ठेवलंय ते तुमचं तुम्हाला ठाऊक.’ आमच्या शाखेत कुणाचीही बातमी दुपारच्या डब्यापर्यंत टिकत नाही, पण नानांकडून आजवर एकही फुटलेली नाही.

परवा एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात नाना मठ्ठ्याचा घोट घेत होते. पंगतीत समोर आमच्या लेखापालांनी विषय काढलाच. नाना वाटी खाली ठेवून सांगू लागले, ‘दोन उलट्या रेघा...’ शेजारी बसलेले नवऱ्या मुलाचे मामा जिलबी हातात धरून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘आमच्या ऑफिसातही लाल फुली येते हो.’ नानांनी पाणी पिऊन हात पुसले. ‘रिस्टार्ट केलात?’