ज्येष्ठता यादी

गेल्या महिन्यात सांगलीत भडंग घ्यायला थांबलो. अर्धा किलो बांधून झालं, दुकानदारानं कोड पुढं सरकवला, मी फोन काढला. बॅटरी तेवीस टक्के. रक्कम टाकली, पिन टाकला आणि पडदा काळा. पैसे गेले की नाही ते मला ठाऊक नाही, दुकानदाराला ठाऊक नाही, आणि बँकेला ठाऊक असलं तरी ती काही बोलेना. मागं सात-आठ माणसं ताटकळलेली. त्यातला एक पोरगा अगदी मायेनं म्हणाला, "काका, आता याला मोकळा करा की."

फोन २०१९चा. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि सांगलीची मावसबहीण पोराबाळांसह आमच्या माधवनगरला राहायला आली. तेव्हा तिच्या सासरच्या माणसांचा ठावठिकाणा याच फोननं लावून दिला. असा फोन टाकवत नाही. म्हणजे असं मी सगळ्यांना सांगतो. चार्जिंगचं मात्र जरा नाजूक आहे. वायर एका ठरावीक कोनात वळवून तिच्यावर आईचा पितळी अडकित्ता ठेवला की विजेचं चिन्ह उमटतं. अडकित्ता दोन वर्षं याच ड्युटीवर आहे आणि आई तेवढ्या काळात तयार कातरलेल्या सुपारीवर आली आहे.

भडंगाची हकिकत घरी सांगितली आणि चूक झाली. आमच्या घरात नवा फोन येणं म्हणजे एक फोन येणं नव्हे, झेडपीतल्या बदल्या असतात त्या. एक जण वर सरकला की खालचे सगळे सरकतात. लेकीनं लगेच यादी मांडली. नवा फोन तिला, कारण विश्रामबागेतल्या कॉलेजात सगळं फोनवरच चालतं. तिचा दोन वर्षांचा फोन मला. माझा आईला, "नाहीतरी अडकित्ता आजीचाच आहे." आईचा गावाकडच्या चुलत्यांना. थोडक्यात, पैसे माझे, बढती तिची, आणि माझ्या वाट्याला मांजराचे कान असलेल्या गुलाबी कव्हरातला फोन. तो कानाला लावून मी सोसायटीच्या सभेत बोलणार!

सौभाग्यवतींनी दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला : "ज्याचा आधी मरेल, त्याला नवा." सेवाज्येष्ठता बाद, गुणवत्ता बाद, फक्त दुरवस्था धरायची. या निकालानं मी मनातून सुखावलो. माझ्या फोनइतकी दुरवस्था घरात कुणाचीच नव्हती.

पण वरवर मी तत्त्वाचा माणूस. सल्ला घ्यायला शेजारच्या मागवाल्या अण्णांकडे गेलो. त्यांच्या शेडातले माग त्यांच्या वडिलांनी इचलकरंजीहून आणले, तेही जुने म्हणून. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. अण्णांचे माग बघितले की त्यातलाच एखादा फिरत फिरत इकडं आला असावा असं वाटतं. खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडूनच. "धोटा झिजला?" अण्णा ओरडले. "धोटा बदल! पट्टा तुटला? पट्टा बदल! माग कोण बदलतंय?" सरकारनं १ एप्रिल १९९९ला वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणेची योजना काढली, नव्या यंत्रांच्या कर्जावर व्याजात सवलत देऊ केली. अण्णांनी तिचा अर्ज आणला होता. तो अजून बीमच्या मागं खिळ्याला आहे, कोरा.

मी त्यांना माझ्या फोनचा धोटा दाखवायला गेलो, तर तो दाखवताच येईना. बॅटरी आत गोंदानं चिकटवलेली, स्क्रू असे की घरातला एकही पाना चालत नाही. अण्णांना हा माणुसकीचा अपमान वाटला. तेवीस टक्क्यांवर फोन का मरतो ते मात्र त्यांना एका वाक्यात पटलं. संध्याकाळी सगळ्या शेडांतले माग एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि बल्ब मिणमिणतात, तसंच हे. बॅटरी म्हातारी झाली की पोटात वीज असते, पण एकदम जोर मागितला तर देता येत नाही.

यावर मोठ्या कंपन्यांनी काय उपाय काढला तेही सांगितलं. ॲपलनं जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेगच गुपचूप कमी केला. डिसेंबर २०१७मध्ये हे कबूल करावं लागलं, माफी मागावी लागली, बॅटरी बदलण्याचा दर उतरवावा लागला. अपडेट टाकून जुने फोन मंद केल्याबद्दल इटलीनं २०१८मध्ये ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड ठोकला. माणसाला वाटत राहतं, आपलाच फोन थकला. बिचारा थकलेला नसतो, त्याला वरून हळू चालायचा आदेश असतो. आता युरोपात २० जून २०२५पासून नियमच आहे : मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग द्यायचे. अण्णांनी माग बंद केला, कान पुसले आणि म्हणाले, "मग फोन तिकडनंच आण की."

हरिपूरच्या मामांचं मत वेगळं. हळदीचा माणूस. जमिनीखालच्या पेवात हळद घालायची, वर माती लिंपायची आणि भाव येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं तिकडं बघायचंच नाही, हा त्यांचा पिढीजात धर्म. २००५च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, पण थांबण्यावरची श्रद्धा कोरडी राहिली. "थांब," मामा म्हणाले, "भाव पडू दे." थांबण्याचा मला अनुभव आहे. १ एप्रिल २०२०ला मोबाइलवरचा जीएसटी बाराचा अठरा टक्के झाला, म्हणून मी उतरायची वाट बघत थांबलो. २२ सप्टेंबर २०२५ला नवे दर आले. एसी उतरले, मोठे टीव्ही उतरले. मोबाइल अठरावर जिथल्या तिथं. मोठा टीव्ही घेऊन भडंगवाल्यासमोर उभं राहायची सोय असती तर साडेपाच वर्षांचं चीज झालं असतं.

शेवटी मरणाचा दाखला काढावा म्हणून पेठेतल्या मोबाइलवाल्या पोराकडं गेलो. एका तज्ज्ञानं लिहून दिलं की घरात वाद नको. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, फोन दिव्याखाली धरला आणि चार्जिंगच्या भोकात सुई घातली. सुईला पांढरं काहीतरी लागलं. त्यानं ओढलं. येतच राहिलं. टेबलावर बोराएवढा गोळा झाला.

"काका, पिन ढिली न्हाई," पोरगा म्हणाला. "आत गादी भरलीय तुमी."

रुई. अण्णांच्या शेडातून उडते ती. आमच्या खिडक्यांच्या जाळीवर असते, तुळशीवर असते, उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कुरडयांवर असते. माझ्या खिशात तरी का नसावी? वायर लावली. खट्‌कन बसली, हलवली तरी विजेचं चिन्ह हलेना. पोरानं भरीस घालून बॅटरीही बदलली, बाराशे रुपयांत. तासाभरात फोन असा पळायला लागला की मलाच लाज वाटली. निघताना तो म्हणाला, "अजून दोन वर्षं बघायला नगो."

दोन वर्षं! तोवर लेकीचा कुठल्याही शुक्रवारी जिन्यावरून पडेल आणि निकालाप्रमाणे नवा तिला. मग मांजराचे कान.

घरी आलो तेव्हा सगळी जेवायला बसत होती. मी नेहमीच्या जागी फोन ठेवला, वायर त्याच कोनात वळवली आणि तिच्यावर अलगद अडकित्ता ठेवला.

जेवणं झाल्यावर आईनं हात पुढं केला. "अडकित्ता दे रे जरा, आज घरची सुपारी कातरते."

"थांब आई," मी म्हणालो, "नुकतं कुठं चार्जिंग धरलंय."