खर्रर्र

घरात एखाद्याला रेडिओ दुरुस्त करता येतो हे एकदा कळलं, की मिक्सर, गिझर, कूलर सगळं त्याच्याच दारात येतं. माझ्या दारात दाजींचे ट्रक आले.

दाजींचं ऑफिस भोसरीत आणि माल चाकण-म्हाळुंग्याकडचा. रीतसर परवाना काढून त्यांनी ट्रकांत पंचवीस वॅटचे व्हीएचएफ सेट बसवले होते. तक्रार एकच. मोशी ओलांडली की खर्रर्र!

"वॅट वाढव," दाजी म्हणाले. त्यांचा सगळा विश्वास जोरावर. सेटवर ते असे ओरडतात की सेट बंद असला तरी मोशीला ऐकू जावं. म्हटलं, दाजी, मोकळ्या मैदानातसुद्धा अंतर दुप्पट करायला वॅट चौपट लागतात, आणि वॅट किती वापरायचे ते परवान्यातच लिहिलेलं असतं.

ट्रकमध्ये चढलो तर अँटेना केबिनच्या आत, गणपतीशेजारी. "बाहेर लावली की चोरीला जाते," ड्रायव्हर अण्णा म्हणाले. म्हणजे पत्र्याच्या डब्यात बसून गावाला हाका मारणं चाललेलं! दीडशे मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरची, अँटेना तिच्या पाव, म्हणजे पन्नासेक सेंटिमीटर. पण ती एकटी अर्धीच. उरलेला अर्धा भाग तिच्या पायाखालचा पत्रा. म्हणून जागा टपाच्या मधोमध, आणि बुडाशी रंग खरवडून उघडं लोखंड.

"साहेब, दिवाळीतच रंगवलाय," असं म्हणून अण्णांनी मान फिरवली, लेकराला सुई टोचताना बाप फिरवतो तशी. मग भरपाई म्हणून अँटेनाच्या शेंड्याला लिंबू-मिरची बांधली. मीटर लावला, काटा हलला. लिंबू आरशावर गेलं.

खरा चोर मात्र ऑफिसातच निघाला. तिथली अँटेना तळमजल्यावर, लोखंडी कपाटामागे उभी. चारही ट्रकांनी जणू कपाटाशीच बोलायचं! ती गच्चीवर नेली, खाली जाड केबल सोडली. उंची चौपट झाली की क्षितिज दुप्पट लांब जातं. वॅट तेवढेच, गच्ची मात्र फुकट.

चाचणी चाकणच्या तळेगाव चौकातून. अण्णा तिथे तास-दीड तास जागचे हलले नाहीत, त्यामुळे ती अगदी निवांत झाली. आवाज असा स्वच्छ, की मागच्या टेम्पोवाल्याच्या शिव्याही स्पष्ट ऐकू आल्या. दाजी खूश. एवढ्यात ताईनं माईक हातात घेतला.

"अण्णा, येताना चाकणच्या मार्केटातून कांद्याची गोणी आणा. बघून घ्या, मागच्या वेळी निम्मा सडका निघाला. आणि..."

"वहिनी, आवाज तुटतोय... खर्रर्र... खर्र..."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सेटला कान लावला. तीस वर्षं खरखर ऐकतोय. पण मध्येच थुंकी गिळणारी खरखर पहिल्यांदाच ऐकली.