होडीला आधी जाऊ द्या

सिॲटलच्या फ्रीमाँट भागात कालव्यावर एक निळा-केशरी पूल आहे, १९१७ सालचा. पाण्यापासून त्याची उंची अवघी ३० फूट. ज्या होडीची डोलकाठी त्याहून उंच, ती पुलाजवळ आली की भोंगा वाजवते. एक लांब, एक आखूड. मनोऱ्यातला पूलवाला तसाच भोंगा परत वाजवतो, म्हणजे 'ऐकलं, उघडतो'. उघडणं जमणार नसेल तर पाच आखूड. ना रामराम, ना ख्यालीखुशाली. एवढ्यावर बोलणं आटोपतं, घंटा घणघणते, तांबडे दिवे लागतात, आडवे दांडे खाली येतात आणि अख्खा रस्ता, मधल्या पट्ट्यांसकट, दुभंगून आभाळाकडे निघतो.

हा कार्यक्रम दिवसाला सरासरी ३५ वेळा चालतो. अमेरिकेत सर्वांत जास्त वेळा उघडणाऱ्या पुलांत याचं नाव घेतात. माझी भाची रोज तो ओलांडून कामावर जाते. "मामा, नऊला बाहेर पडू नकोस हं," तिनं मला बजावलं होतं, "नऊला पूल सुटतो." शाळा सुटावी तसा पूल सुटतो हे ऐकून मी अर्थातच बरोबर नऊला कठड्याशी जाऊन उभा राहिलो.

भोंगा झाला. दांडे पडले. माझ्यामागे सायकलवाल्यांचा घोळका जमला, त्यांच्यामागे बस, बसमागे टेकडीपर्यंत गाड्या. पुलाचा आमच्या बाजूचा पाखा उचलला जाताना रस्त्यावर पडलेला कागदी कॉफीचा कप आधी विचारात पडला, मग गडगडत खाली आला आणि पाख्याच्या मुळाशी फटीत जाऊन बसला. पाख्याच्या पोटाकडून पाण्याचे थेंब ठिबकत होते. आणि एवढी तयारी ज्याच्यासाठी, ते गलबत आलं. एक शिडाची होडी, शीड गुंडाळलेलं, मागे फटफटणारं छोटं इंजिन. सुकाणूशी एक गृहस्थ, पुढे नारिंगी जॅकेट घातलेलं कुत्रं. गृहस्थांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कुत्र्यानं पाहिलं.

आपल्याकडे फाटक पडलं की निदान पन्नास डब्यांची मालगाडी तरी जाते. थांबल्याचं चीज होतं. डबे मोजता येतात, दांड्याखालून वाकून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांना शिव्या घालता येतात. इथं पलीकडे रस्ताच नाही, तेव्हा वाकणार कुठे? आणि जातंय काय, तर एक कुत्रं. मी आजूबाजूला पाहिलं, कुणीतरी हॉर्न वाजवेल म्हणून. कुणी वाजवला नाही. एका बाईंनी सायकलच्या दांड्यावर कोपर टेकवून केळं सोललं. चार-पाच मिनिटांच्या सक्तीच्या रिकामपणाचा तिथं सगळ्यांनी आपापला सदुपयोग ठरवून टाकलेला दिसतो.

पुलावरचे लोक कामाला निघालेले, होडीतला माणूस बहुधा हवा खायला. तरी मान होडीचा. हे अन्यायाचं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. मोटारीला ब्रेक असतात, होडीला नसतात. अरुंद कालव्यात तिला उभी करून ठेवा म्हटलं तर वारा ढकलतो, पाणी ओढतं आणि ती पुलाच्या खांबाला भेटायला जाते. शिवाय तिकडच्या कायद्यानं नौका चालण्याजोगं पाणी हा साऱ्या देशाचा रस्ता आहे, आणि पूल म्हणजे त्या रस्त्यात गावानं घातलेला अडथळा. अडथळा घालणाऱ्यानं तो मागताच बाजूला करायचा. म्हणून पूल नगरपालिकेचा असला तरी तो कधी उघडायचा याचे नियम तटरक्षक दल ठरवतं. महापौरांनाही मनात आलं म्हणून पूल बंद ठेवता येत नाही, त्यांना केंद्राकडे अर्ज करावा लागतो. मला हे फार आवडलं. मी स्वतः जन्मभर रस्त्यावरचा माणूस, तरी.

अर्थात कार्यालयं भरण्या-सुटण्याची वेळ कायद्यालाही घाबरवते. म्हणून सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळात फ्रीमाँटचा पूल होड्यांसाठी उघडावा लागत नाही. याच कालव्यावरचे बॅलर्ड आणि युनिव्हर्सिटी पूलही तसेच. माँटलेकच्या पुलाचं वेळापत्रक त्याहून कडक, तिथं दुपारी काही काळ तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यालाच उघडतात. पण सकाळ-संध्याकाळच्या या चार तासांनाही अपवाद आहे. जहाज १००० टनांचं किंवा त्याहून मोठं असेल तर पूल केव्हाही उघडायचा. वजनदार मंडळींना वेळापत्रक लागू नसणं हे मला नवं नव्हतं, पण तिथं त्यांनी निदान किती टन ते लिहून ठेवलंय.

नियमांत आणखी एक कलम आहे, ते माझं लाडकं. होडीवरची एखादी वस्तू चालवायला गरजेची नसेल किंवा सहज खाली घेता येत असेल, तर निव्वळ तिच्यापायी पूल उघडायला लावायचा नाही. म्हणजे अँटेना मिरवायची असेल तर मोकळ्या पाण्यात मिरवा, पुलाखाली जरा नमतं घ्या. सात-आठशे माणसं थांबवण्याआधी स्वतःचं काय खाली घेता येईल ते बघा, असं सरकारी कागदावर लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

पाण्याचा मान मोठ्यांनाही सुटत नाही. लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ सालचा. जहाजवाल्यानं २४ तास आधी कळवलं की पूल त्याच्यासाठी उघडतो, तोही फुकट, आणि वेळा आधी जाहीर होतात. १९९७ साली क्लिंटनसाहेब तिथले पंतप्रधान ब्लेअरसाहेब यांच्याबरोबर थेम्सकाठी जेवून निघाले. नेमकी तेव्हाच एका जुन्या शिडाच्या बार्जची ठरलेली वेळ होती. पूल उघडला आणि अमेरिकेच्या अध्यक्षांचा ताफा दोन तुकड्यांत पडला, अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. बार्ज आपल्या वेळेवर गेली. तिनं कळवलेलं होतं, ताफ्यानं नव्हतं.

आपल्या देशातही हा खेळ जुना आहे. आजचा हावडा पूल येण्याआधी तिथं १८७४ पासून तराफ्यांवर तरंगणारा पूल होता. जहाज आलं की त्याचा मधला तुकडा सोडवून बाजूला घ्यायचे आणि तोवर अख्खं कलकत्ता हावडा स्टेशनापासून तुटायचं. १९०६ पर्यंत हे दिवसाच चाले. मग काही नौकांसाठी रात्रीचंही सुरू झालं. भर दिवसाची गाडी चुकलेल्या बाबूंनी तेव्हा जहाजांविषयी काय काय उद्गार काढले असतील, ते सगळं गंगार्पण. सेंट पीटर्सबर्गनं उलट सरळ रात्रच होड्यांना देऊन टाकली आहे. पाणी मोकळं असण्याच्या महिन्यांत मध्यरात्रीनंतर नेव्हा नदीवरचे पूल वेळापत्रकाप्रमाणे उचलतात. चुकीच्या तीरावर राहिलात तर पहाटेपर्यंत घरी न जाण्याचं इतकं भक्कम कारण दुसऱ्या कुठल्या नगरपालिकेनं नागरिकांना पुरवलं नसेल.

वेळापत्रकं माणसं करतात, लोखंड मात्र स्वतःच्या मनानं वागतं. सिॲटलच्या या पुलांच्या पाख्यांना मागच्या बाजूला काँक्रीटचं तोलवजन असतं, त्यामुळे टनावारी रस्ता तुलनेनं लहान मोटरीच्या जोरावर उचलला जातो. पण दोन पाखे मधोमध जिथं जुळतात तिथली फट अगदी बेतलेली असते. २०२१ च्या जूनमध्ये सिॲटलमध्ये कधी नव्हे असा उन्हाळा भडकला. पोलाद फुगून पाखे अडकून बसतील म्हणून पालिकेच्या माणसांनी युनिव्हर्सिटी पुलाला चक्क पाण्यानं न्हाऊ घातलं.

भाचीचं म्हणणं, खरी मजा सकाळी नऊला नाही, संध्याकाळी सहाला असते. चारपासून मोठ्या डोलकाठीच्या होड्या लेक युनियन तलावाच्या बाजूला घिरट्या घालत बसतात. कुणी चिप्स काढतं, कुणी पाय पाण्यात सोडतं. सहाला मिनिटभर राहिलं की सगळ्या एकदम पुलाकडे तोंड करतात. सहा वाजतात आणि लांब-आखूड, लांब-आखूड सुरू होतं. वेळेवर कचेरी सोडणारे केव्हाच पार झालेले असतात. अडकतो तो साहेबाला खूश करायला थांबलेला. त्यामुळे तिच्या टीमची संध्याकाळची मीटिंग पावणेसहाला संपते म्हणजे संपतेच. कुणी "आणखी एकच मुद्दा" म्हणून तोंड उघडलं की खिडकीजवळचा नुसता खाली पाण्याकडे बोट दाखवतो आणि सगळे लॅपटॉप मिटतात.