सोळा दिवसांचा कर

श्रीमंतांकडून सरकार काही मागत नाही, हा आरोप साफ खोटा आहे. १० मार्च २०२५ रोजी राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के मोटार वाहन कर सुचवला होता. २६ मार्चला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत सांगितलं, हा कर घेणार नाही. बारशाचे पाहुणे परतायच्या आत बाळ गेलं.

कारणही रास्त होतं. महसूल फारसा मिळणार नाही आणि चुकीचा संदेश जाईल. खरंच आहे. ३५ लाखांच्या गाडीवर २ लाख १० हजार भरायचे म्हटल्यावर माणूस खचतो. रागाच्या भरात डिझेलची गाडी घेतो, तिच्यावर दुपटीहून जास्त कर असला तरी!

तसा विजेच्या मोटारवाल्याचा संसार काटकसरीचाच. जीएसटी ५ टक्के. मुंबईत पेट्रोल शंभरीपार, म्हणजे शहरातल्या गर्दीत किलोमीटरला सात रुपये जळतात; घरच्या विजेवर दोन रुपयांत भागतं. त्यात ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल माफ. पुण्याला जाताना ३२० रुपये वाचले की लोणावळ्याला चिक्की त्याच पैशांत येते. (फास्टॅगमधून पैसे तरीही कापले गेल्याच्या तक्रारी झाल्या. माफी जाहीर व्हायला वेळ लागत नाही, यंत्राला कळायला लागतो.)

फक्त ही काटकसर करायला स्वतःचं पार्किंग लागतं, तिथपर्यंत मीटरची वायर लागते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची मर्जी लागते. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने पर्यावरण वाचवायचं तर चालत जावं.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींना अनुदान ठेवलं नाही, बस आणि रिक्षांना ठेवलं, हे मात्र शहाणपणाचं झालं. धूर कमी करायचा तर एका बसमध्ये चाळीस माणसं बसतात, हे गणित कुणीतरी केलेलं दिसतं.

त्याच २०२५ च्या जानेवारीत एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. मोटारवाल्यांचे ६ टक्के १६ दिवसांत मागे गेले, एसटीचे १४.९५ टक्के राहिले. चुकीचा संदेश बहुधा फक्त तीस लाखांच्या वरच पोहोचतो.